10,000 ल्युमेनच्या नादात 16,200 घालवले

शिव्या घालायच्या तर घाला, पण डाइव्ह टॉर्च, म्हणजे पाण्याखाली वापरायची टॉर्च, घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. मी कळव्याचा, रबाळे एमआयडीसीत 17 वर्षं पॅनल वायरिंगची कामं घेतोय, म्हणजे वॅट-अँपिअर मला कोणी शिकवायला नको, आणि तरी गंडलो मीच. तेच जास्त झोंबतंय.

मालवणला डाइव्हला जायचं होतं. इन्स्टावर एकाचं पेज दिसलं, 10,000 ल्युमेन (एकूण उजेडाचं माप), 120 डिग्री (उजेड किती रुंद पसरतो तो कोन), दोन तास बॅकअप. गडी वाशी स्टेशनच्या पार्किंगमध्ये भेटला, अंधार पडल्यावर. "दादा, बघाच" म्हणत लाइट लावला तर अख्खी भिंत पांढरीफट्ट. मित्राची जुनी 1,000 ल्युमेन, 10 डिग्रीवाली शेजारी लावली तर परातीएवढा गोळा. भाळलो. तिथे कोणीही भाळला असता.

यूपीआयने टॉर्चचे 13,800 आणि दोन जादा सेलचे 2,400 दिले. बिल मागितलं तर "जीएसटी लागेल दादा, कशाला", आणि मी गप्प. बिल घ्याच, चार पैसे जास्त गेले तरी.

आता माझा गाढवपणा. टॉर्चमध्ये 18650 साइजचा (चार्ज होणारा लिथियम) एकच सेल, त्यावर छापलेलं 9,900 एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप). चांगल्या कंपनीचा सेल 3,500 च्या आसपास असतो, त्यात जेमतेम 12-13 वॅट-अवर, म्हणजे 12-13 वॅटचा लोड तासभर चालेल एवढंच. 10,000 ल्युमेनला 100 वॅट तरी लागणार, म्हणजे सात-आठ मिनिटांत खेळ खल्लास, दोन तास कुठून? हा हिशोब मी रोज करतो हो! सेल हातात घेतल्यावर हलकासुद्धा लागला होता, पण त्याला लोकल पकडायची घाई, मलाही घरून फोनवर फोन. नंतर बायकोच्या केकच्या काट्यावर ठेवला, 31 ग्रॅम. खरा 45 च्या पुढे भरतो. सेल घ्यायच्या आधी वजन करा.

मालवणच्या गढूळ पाण्यात लाइट लावला तर समोर नुसता पांढरा पडदा, माळशेजला धुक्यात अप्पर मारावा तसा. रुंद बीम गाळाचा कण न् कण उजळतो. इन्स्ट्रक्टरने खुणेने बंद करायला लावला, आणि मित्राचा तो परातीएवढा गोळा खडकाच्या कपारीत सरळ आतपर्यंत जात होता. 120 डिग्री व्हिडिओवाल्यांना, तेही स्वच्छ पाण्यात. पाचव्या मिनिटाला माझा लाइट पिवळा पडला, वर आल्यावर काचेच्या आत पाणी. आमच्यासारख्यांना 1,000 ल्युमेन आणि अरुंद बीम पुरतो, भिंतीवरचा डेमो बघून ठरवू नका.

मग चौकी. ठाण्यात म्हणाले व्यवहार वाशीला झाला, हद्द नवी मुंबईची, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे तुम्ही राहता कळव्याला, पैसे तुमच्या बँकेतून गेलेत, तिकडेच द्या. तिसऱ्या खेपेला एक साहेब म्हणाले, "पाण्याखाली टॉर्च कशाला लागते?" सगळे हसले. मग म्हणे वस्तू मिळालीय ना, ही सिव्हिल मॅटर आहे. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलात. चार सुट्ट्या गेल्या, हाती पोचपावतीसुद्धा नाही. ऑनलाइन पैसे गेले तर त्याच तासात 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी लाजेपायी नऊ दिवस घरात कोणाला बोललोच नाही.

काल त्याचं नवीन पेज दिसलं. नाव वेगळं, भिंत तीच, ल्युमेन आता 15,000.