तयार कंपोस्टची गोणी: माती खूश, टोमॅटो उपाशी

दोन हंगाम वापरून मग लिहितोय. गोणी फोडल्या फोडल्या लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो, कारण पहिली गोणी खरंच झकास होती. काळसर तपकिरी, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास, हाताला गार, मुठीत दाबलं तर गोळा होतो पण पाणी गळत नाही आणि बोटाने टोचलं की लगेच सुटतो. ओलावा कसा असावा तर असा. काड्या होत्या थोड्या, चाळून काढल्या, त्याचं काही नाही.

प्रॉब्लेम गोणीवरच्या वाक्यात आहे. "भाज्यांसाठी संपूर्ण खत, दुसरं काही घालायची गरज नाही." मी भोळा, विश्वास ठेवला आणि टोमॅटोच्या वाफ्यात फक्त हेच घातलं. महिनाभर रोपं मस्त, मग फळं धरायच्या टायमाला खालची पानं पिवळी पडायला लागली, वाढ जागच्या जागी थांबली. आधी रोग समजून पानं खुडत बसलो, नंतर डोक्यात प्रकाश पडला की नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय.

मग हिशोब मांडला, जो आधी मांडायला हवा होता. गोणी 40 किलोची, त्यात साधारण 40 टक्के पाणी धरा, उरलं 24 किलो कोरडं. लेबलवर नत्र 1.5 टक्के, तेही कोरड्या वजनावर, म्हणजे सगळं मिळून 360 ग्रॅम. पण यातलं बहुतेक नत्र सेंद्रिय रूपात अडकलेलं असतं, जिवाणू ते हळूहळू सोडतात, आणि चांगल्या मुरलेल्या कंपोस्टमधून पहिल्या हंगामात 10-15 टक्के सुटलं तरी खूप झालं. म्हणजे अख्ख्या गोणीमागे 36 ते 54 ग्रॅम! टोमॅटोसारख्या खादाड पिकाला एवढ्यात काय होणार. बरं मग चारपट घाला असं कोणी म्हणेल, तर तसंही करू नका. भाजीला नत्र स्फुरदापेक्षा (फॉस्फरसपेक्षा) कितीतरी जास्त लागतं आणि कंपोस्टमध्ये दोघांचं प्रमाण तसं नसतं, त्यामुळे नत्र पुरवायच्या नादात दरवर्षी मातीत स्फुरद साठत जातो, क्षार वाढतात ते वेगळंच.

याच्या उलट शेजारच्या वाफ्यात गंमत झाली. तिथे घेवडा होता, शेंगा काढून झाल्यावर वेल हिरवे असतानाच कापले, विळ्याने बारीक केले, वरच्या तीन-चार इंच मातीत मिसळले आणि तीन आठवडे थांबून फ्लॉवर लावला. सोबत हेच कंपोस्ट, पण निम्मंच. तो फ्लॉवर बघायला हवा होता राव, पानं नुसती गर्द. कारण साधं आहे, हिरव्या कोवळ्या अवशेषात कर्ब (कार्बन) आणि नत्राचं प्रमाण 15-20 ला 1 च्या आसपास असतं, ते पटकन कुजतं आणि नत्र मातीत सोडतं. वाळका भुसा किंवा पेंढा गाडला तर उलटं होतं, जिवाणूंना कुजवायला नत्र लागतं ते मातीतूनच उचलतात आणि पीक बघत बसतं. म्हणून वाळकं ते वर आच्छादन म्हणून पसरायचं, खाली मिसळायचं नाही. (रोगट टोमॅटोची झाडं मात्र अशी गाडू नका. ढीग 55 अंशांच्या वर काही दिवस तापला, नीट उलथापालथ झाली तरच रोगजंतू मरतात, आणि घरच्या छोट्या ढिगात तेवढी गरमी क्वचितच येते.)

आता दुसऱ्या हंगामाची गोणी, इथे माझे स्टार कापले गेले. तीच कंपनी, तेच पॅकिंग, आत वेगळाच माल. हात घातला तर कोमट, आंबूस वास, लाकडाचे तंतू सरळ दिसतायत. म्हणजे अर्धवट कुजलेलं आणि प्लास्टिकमध्ये कोंडलेलं. यावेळी शहाणपणा केला, दोन कुंड्या घेतल्या, एकीत नेहमीची माती, दुसरीत तीच माती निम्मी आणि निम्मं हे कंपोस्ट, दोन्हीत मुळ्याचे वीस-वीस दाणे. मातीत अठरा उगवले, कंपोस्टवाल्यात सात, तेही पिवळट. कंपनीला मेसेज करून कर्ब-नत्र प्रमाण आणि क्षारांचा रिपोर्ट मागितला तर उत्तर आलं "आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के नैसर्गिक आहे". अरे पण विचारलं काय! ती गोणी कोपऱ्यात ओतली, वर हिरवं गवत मिसळलं, दर आठवड्याला उलथली, दोन महिन्यांनी वापरण्याजोगी झाली. म्हणजे काम मीच केलं.

तरी पूर्ण नापास करणार नाही. जिथे दोन हंगाम घातलंय तिथली माती भुसभुशीत झालीय, वर पपडी धरत नाही, पाणी दिलं की मुरतं, आणि पूर्वी एक दिवसाआड पाणी लागायचं तिथे आता तीन दिवस चालतं. हे काम वरखताने होत नाही. मातीसाठी चार स्टार, खत म्हणून दोन, कस्टमर केअरला शून्य, सरासरी तुम्हीच काढा.

तिसरी गोणी मागवलीय, यावेळी गाजराच्या वाफ्यासाठी. गाजराला जास्त नत्र नकोच असतं, नुसता पाला वाढतो, त्याला मऊ माती हवी, तिथे हे बसेल असं वाटतंय. आली की आधी मुळ्याचे वीस दाणे, काय होतं ते इथेच खाली टाकतो.