भिंत की पेटी? खान्देशच्या हवेत घरचं वर्कशॉप कसं लावावं

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत हत्यारं भिंतीवर टांगावीत की पेटीत बंद ठेवावीत, याचं उत्तर पुण्यात एक आणि जळगाव-धुळ्यात दुसरं असू शकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, वारा सुटला की दाराच्या फटीतून धूळ आत येते, आणि पाऊस लागला की पाती तांबूस पडायला लागतात. अमळनेरच्या आमच्या घरी मी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत. नव्याने खोली लावणाऱ्याला निवड करणं सोपं जावं म्हणून हे लिहितोय.

भिंतीचा मोठा गुण म्हणजे शोधाशोध संपते. १२ मि.मी. प्लायचा तुकडा मागे पट्ट्या देऊन भिंतीवर बसवायचा, प्रत्येक हत्यार त्यावर धरून भोवती पेन्सिलीने रेघ मारायची, आतला आकार रंगाने भरायचा आणि वर दोन खिळे ठोकायचे. संध्याकाळी एखादा आकार रिकामा दिसला की काय परत आलं नाही ते लगेच कळतं. पूर्वी आमच्या घरात ‘पान्हा कथा शे?’ (अहिराणीत, पान्हा कुठे आहे?) ही हाक रोजची होती. रेघा मारल्यापासून ती बंद झाली, कारण शेजारी नेलेलं हत्यारसुद्धा भिंतीवर दिसतं.

तयार पेगबोर्डही (ओळीने भोकं पाडलेली फळी) मिळतो. त्याचे हुक हवे तसे सरकवता येतात, ही त्याची जमेची बाजू. पण साधा हार्डबोर्डचा असेल तर तो पावसाळ्यात ओल धरून फुगतो, आणि हुकांचा खर्च वेगळा. ज्याची हत्यारं दरवर्षी वाढतात त्यानेच तो घ्यावा, बाकीच्यांना प्लाय आणि खिळे पुरेत. चिकटवायचे हुक मात्र घेऊच नका. पत्र्याखालच्या उकाड्यात त्यांचा गोंद मऊ होतो आणि हातोडी खाली येते. त्यापेक्षा जुन्या लोखंडी कूलरची बाजू काढून भिंतीला स्क्रूने बसवा. तिच्यावर बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक चिकटतं, आणि त्यावर ड्रिलचे बिट, छोटे पाने, ब्लेड छान राहतात.

भिंतीचा दोष एकच, पण आपल्याकडे तो जड पडतो: धूळ. पंधरा दिवस हात लावला नाही की पक्कडीच्या सांध्यात माती बसते. म्हणून रोजची हत्यारं भिंतीवर आणि धारेची, मापाची हत्यारं पेटीत, असं मी ठरवलं आहे. रंधा, पटाशी, गुण्या (काटकोन तपासायचा), कानस उघड्यावर ठेवण्यात अर्थ नाही.

पेटी विकत आणायचीही गरज नसते. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा आडवा करून वरची बाजू कापा, कडा आत दुमडून ठोका (हातमोजे घालूनच, तो पत्रा ब्लेडसारखा कापतो) आणि प्लायचं झाकण द्या. आत गोणपाट अंथरू नका. ताग ओल धरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. कळीच्या चुन्याचे खडे कापडी पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, ओल शोषून त्यांची भुकटी झाली की बदला. मुलांच्या हाताला आणि पाण्याला मात्र तो चुना लागू देऊ नका, पाणी पडलं की तो तापतो. मृग लागण्याआधी सगळ्या पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवावा. घरातलं सरकीचं तेल लावायचा मोह होतो, पण ते हळूहळू सुकून चिकट राप धरतं आणि धूळ त्यालाच बसते.

ठिबकची जुनी १६ मि.मी. नळी फेकू नका. ती उभी चिरून करवतीच्या दातांवर चढवली की दात सुरक्षित राहतात आणि हातही. पाऊण इंची पटाशीच्या धारेवरही ती दाबून बसते. शेतातल्या ११० मि.मी. पाइपचे वीतभर तुकडे आडवे रचून बोल्टने जोडले की वायरच्या गुंडाळ्या, सॅंडपेपर, स्प्रेचे डबे ठेवायला कप्पे तयार. आमच्या भागात असे तुकडे भंगारात सहज मिळतात.

खिळे-स्क्रूसाठी बरण्यांची झाकणं फळीच्या खालच्या बाजूला बसवून बरणी त्यात फिरवून टांगतात. झाकणाला दोन स्क्रू लावा, एकच लावला तर बरणीबरोबर झाकणही फिरतं. काचेची की प्लॅस्टिकची? डोक्यावर टांगायची तर प्लॅस्टिकची, पण ऊन लागणाऱ्या खिडकीपासून लांब, नाहीतर ती कडक होऊन तडकते.

आता झाडणं. कोरड्या केरसुणीने बारीक भुसा हवेत उडतो आणि आपण तो श्वासातून घेतो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक ठरवलं आहे, त्यामुळे हा प्रश्न नुसत्या टापटिपीचा राहत नाही. ब्लोअरने खोली झटपट मोकळी दिसते, पण धूळ ओट्यावरच्या वाळवणावर जाऊन बसते. मला तो अजिबात पटत नाही. ओल्या-कोरड्या कचऱ्याचा व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात चांगला, आणि ज्याच्याकडे सॅंडर (लाकूड घासायचं यंत्र) आहे त्याने पैसे साठवून तो घ्यावाच. महिन्यातून दोन-चार दुरुस्त्या करणाऱ्याला मूठभर ओलसर भुसा फरशीवर पसरून झाडणं पुरतं, धूळ त्याला धरून बसते. लोखंडाचा किस उचलायला लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, मग पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढा. किस पिशवीत राहतो.

फर्निचरला जवसाचं तेल लावत असाल तर त्याच्या चिंध्या कधीही बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं, ढिगात ती साठते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. आपल्या उन्हाळ्यात, भुशाने भरलेल्या पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नको. चिंध्या बाहेर तारेवर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. मी तसा डबा दाराबाहेर ठेवला आहे आणि त्यावर लाल रंगाने ‘तेलाच्या चिंध्या’ असं लिहिलं आहे.