‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

एरिक कार्लचं हे चित्रपुस्तक 1969चं. गोष्ट एका खादाड अळीची, ती रोज काय काय खाते त्याची. अनुभव लिहितोय तो जाड पुठ्ठ्याच्या पानांच्या आवृत्तीचा, म्हणजे बोर्ड बुकचा. वाचन दीड ते चार वर्षांच्या मुलांबरोबर. मजकूर इंग्रजी, पण पानावर एक-दोनच वाक्यं असल्यामुळे चित्राकडे बघत मराठीत सहज सांगता येतं.

पुस्तकाचा जीव मधल्या पाच पानांत आहे. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेरी, शुक्रवारी पाच संत्री. प्रत्येक पान आधीच्यापेक्षा रुंद आणि प्रत्येक फळाला आरपार भोक. अशी पानं अमेरिकेत परवडणाऱ्या खर्चात तयार करून मिळेनात, म्हणून पहिली आवृत्ती जपानमध्ये छापली गेली. वाचताना हीच पानं सगळ्यात जास्त घोळ घालतात. सोमवारचं पान अरुंद, त्यामुळे त्याच्या मागून शुक्रवारपर्यंतच्या कडा दिसत असतात आणि मूल सगळा गठ्ठा एकदम उलटतं. डाव्या हातानं पुस्तक धरायचं आणि उजव्या अंगठ्यानं मागची पानं दाबून एकेकच सोडायचं. पान उलटायचं काम मुलाकडे द्यावं, अंगठा मात्र आपला.

मराठीत सांगताना वाक्य रोज बदलू नये. ‘सोमवारी तिनं एक सफरचंद पोखरलं. पण पोट काही भरेना!’ एवढं पुरे. ‘भरेना’च्या आधी क्षणभर थांबलं की अडीच वर्षांचं मूल आठवड्याभरात तो शब्द स्वतः टाकायला लागतं. हिरवं पेअर बघून बरीच मुलं ‘पेरू’ म्हणतात. म्हणू द्यावं. ‘किती आहेत? रंग कुठला?’ अशी उलटतपासणी पहिल्या काही वाचनांत अजिबात नको. ठेका मोडतो आणि मूल उठून जातं. मोजणी भोकांत बोट घालून आपोआप होतेच.

शनिवारचं पान वेगळ्या चालीनं वाचावं लागतं. चॉकलेट केक, आइस्क्रीमचा कोन, लोणच्याची काकडी, स्विस चीज, सलामी, लॉलीपॉप, चेरी पाय, सॉसेज, कपकेक, कलिंगडाची फोड. दहाच्या दहा नावं एका दमात, वेग वाढवत, आणि मग थांबून, हळू आवाजात: ‘त्या रात्री पोटात असं दुखलं!’ इथे सलामीऐवजी लाडू, चेरी पायऐवजी करंजी करून पाहायचा मोह होतो. चालत नाही. चित्रात लाडू नसतो आणि तीन वर्षांचं मूल ते लगेच पकडतं. नाव परकं असलं तरी आवाजाची मजा येतेच.

कोशाचं पान तपकिरी, त्यावर बघायला फारसं काही नाही. छोट्यांचं लक्ष नेमकं इथे उडतं, म्हणून मजकूर झरझर संपवून पुढचं फुलपाखराचं पान सावकाश उघडावं. शास्त्राच्या बाजूनं मात्र गडबड आहे: पुस्तकातली अळी स्वतःभोवती घर बांधते आणि ते कुरतडून बाहेर येते. फुलपाखराची अळी शेवटची कात टाकते आणि आतून कोश उघडा पडतो. पुढे तो उकलून फुलपाखरू निघतं. रेशमी वेष्टण विणतात ते बरेचसे पतंग. चार वर्षांच्या मुलाला हे कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीत दाखवता येतं. त्यावरच्या फुलपाखरांच्या अळ्या आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. आइस्क्रीम सोडाच, लिंबाच्या कुळाबाहेरचं पानही त्या सहसा खात नाहीत. रविवारी झाडाचं हिरवं पान खाऊन अळीला बरं वाटतं, ते मग पटतं.

टिकाऊपणा ठीकठाक. मूल भोकाची कड चावतं, पुठ्ठा ओला होऊन त्याचे थर सुटतात. पान पूर्ण वाळू द्यावं, ब्रशनं थरांच्या मध्ये फेविकॉलचा पातळ हात द्यावा, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा कागद ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवावं. भोकांवर चिकटपट्टी नको. कडा उचलल्या जातात आणि त्याच परत चावल्या जातात. पुस्तक उलटं दुमडलं की अरुंद पानांच्या मुळाशी पुठ्ठा मोडतो, तो पुन्हा नीट होत नाही.

आकार साधारण 5 बाय 7 इंच, म्हणून मांडीवरच्या एक-दोन मुलांसाठी उत्तम. बालवाडीत दहा जण समोर बसले तर मागच्यांना भोकं दिसतच नाहीत. तिथे मोठ्या आकाराची आवृत्ती घ्यावी, फक्त कागदी पानं मुलांच्या हाती देऊ नयेत.

साडेतीननंतर ओढ कमी होते, कारण यात कुणी कुणाशी बोलत नाही. त्या वयाला माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ जास्त लागू पडतं. दीड ते तीनच्या मुलासाठी मात्र हे पुस्तक घ्याच, आणि पुठ्ठ्याचंच घ्या. जुनं मिळालं तर विकत घेण्याआधी शुक्रवारचं पान उघडून कडा बघा.