सी शिकायला रविवारचा क्लास लावला, त्याबद्दल

डिप्लोमात सी ही प्रोग्रामिंगची भाषा पाठ करून पास झालो होतो, कळलं काहीच नव्हतं, म्हणून यंदा सांगलीत विश्रामबागेतला एक छोटा रविवारचा क्लास लावला. दहा-बारा पोरं, दोन तासांची बॅच. तिसऱ्या रविवारी जे शिकवलं ना, खरं तर त्यासाठीच हे लिहितोय.

सगळ्यांनी बेरजेचा प्रोग्राम केलेला, आकडे टाकत जायचे, शून्य टाकलं की लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) थांबणार. मस्त चालत होता. सर आले, माझ्या कीबोर्डवर आकड्याच्या जागी एबीसी टाइप करून एंटर मारलं आणि स्क्रीनवर 'आकडा टाका आकडा टाका' नुसता धबधबा, थांबेचना, शेवटी कंट्रोल सी दाबलं. सर म्हणाले, "ते एबीसी आत्ता कुठंय सांग बघू." कुणालाच सांगता येईना. मग फळ्यावर, टाइप केलेली पण अजून न वाचलेली अक्षरं थांबतात ती रांग काढली. परसेंट डी म्हणजे स्कॅनएफला (कीबोर्डवरून वाचणारं सीचं फंक्शन) आकडा हवाय, रांगेत पुढं 'ए' दिसला की तो हातच लावत नाही, तसाच माघारी येतो, लूप फिरतो, पुन्हा समोर तोच 'ए'.

स्कॅनएफ किती व्हॅल्यू वाचल्या ते परत सांगतो हे मला त्या दिवशी कळलं. 1 आला तर आकडा मिळाला, 0 आला तर गेटचारनं (एकेक अक्षर वाचणारं फंक्शन) एंटरपर्यंतचं सगळं काढून टाकायचं आणि परत विचारायचं, ईओएफ, म्हणजे इनपुट संपल्याची खूण, आला तर लूपच तोडायचा.

आमच्या कॉलेजात रांगेत उरलेलं साफ करायला सरळ एफफ्लश एसटीडीइन लिहा म्हणायचे. इथं समजलं की सीच्या स्टँडर्डमध्ये (भाषेच्या अधिकृत नियमांत) इनपुटसाठी त्याला अर्थच दिलेला नाही, एका कंपायलरवर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) चालेल, दुसऱ्यावर नाही. अख्खी ओळ वाचणारं गेट्स हे फंक्शन तर 2011 च्या स्टँडर्डमधून काढूनच टाकलंय आणि आम्ही जर्नलमध्ये तेच लिहीत होतो, याचा खरंच राग आला.

डू-व्हाइल लूपमधलं 'पुन्हा करायचं का, वाय की एन' पण असंच. मागचा एंटर रांगेत उरलेला असतो, एक अक्षर वाचणारं परसेंट सी तोच उचलतं आणि प्रोग्राम आपल्याला न विचारताच संपतो. परसेंटच्या आधी एक स्पेस द्यायची, बास.

पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) मात्र घाईत उरकले, त्याला अजून एक रविवार हवा होता. कॉम्प्युटर सहाच, दोघांत एक, लॅपटॉप असेल तर घेऊनच जा. शंका विचारायला बॅच सुटल्यावरही सर थांबतात, मी दोनदा थांबलोय.