दुसरे ट्यूनर कार्ड घ्यायचेय, पण कुठले? कोकणातल्या घरासाठी हिशेब

घरच्या कॉम्प्युटरमध्ये एक सॅटेलाइट ट्यूनर कार्ड (उपग्रहाचे चॅनेल कॉम्प्युटरवर दाखवणारे आणि रेकॉर्ड करणारे) आहे, छपरावर फ्री डिशची छत्री आहे, आणि रेकॉर्डिंगवरून घरात रोज वाजतेय. आईला डीडी सह्याद्री हवे, पोराला त्याच वेळी डीडी स्पोर्ट्सवरचा सामना. दुसऱ्या कार्डाचा विचार इथेच सुरू होतो. पण कार्डांचे बहुतेक आढावे युरोपातल्या माणसांनी युरोपातल्या छपरांसाठी लिहिलेले असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बसून निवड करायची तर गणित बरेच बदलते.

आधी जे घ्यायचेच नाही ते बाजूला काढू. पेनड्राइव्हएवढ्या, सोबत वीतभर अँटिना असलेल्या स्वस्त यूएसबी स्टिक ऑनलाइन ढिगाने मिळतात. त्यातल्या बहुतेकांत रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप असते आणि ती डीव्हीबी-टी, म्हणजे जमिनीवरच्या टॉवरवरून येणारे जुन्या पद्धतीचे डिजिटल प्रक्षेपण पकडते. दूरदर्शनचे जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण आहे त्याच्या पुढच्या पिढीचे, डीव्हीबी-टी२, म्हणजे ही स्टिक मुंबईतही मुकीच. टी२ ची खरी स्टिक मुंबईत चालते, कारण तिथे तसा ट्रान्समीटर आहे. गणपतीला येणारा चाकरमानी ती कौतुकाने घेऊन येतो आणि मालवणात स्कॅन केल्यावर एकही चॅनेल सापडत नाही. मांडवा-अलिबागकडच्यांनी, समोर मुंबईच असल्याने, गच्चीवर अँटिना उभारून पाहायला हरकत नाही. त्याच्या खाली मात्र छत्रीला पर्याय नाही. (ती आरटीएल स्टिक आधीच घेऊन बसला असाल तर फेकू नका. टीव्हीला ती निरुपयोगी असली तरी १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास जहाजांचे एआयएस (आपली ओळख आणि जागा सांगणारे) संदेश छान पकडते. जयगडला येणारे जहाज कुठले, हे घरबसल्या कळते. पण तो वेगळाच नाद आहे.)

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचे चॅनेलही कार्डावर दिसणार नाहीत, ते कूटबद्ध असतात. तेव्हा इथली सगळी तुलना फ्री डिशसाठी, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ साठी आहे.

आता खरा प्रश्न. दुसरा ट्यूनर लागतोच का? पुष्कळांना लागत नाही. ट्यूनर एका वेळी एक चॅनेल पकडतो असे आपण धरून चालतो, पण तो पकडतो अख्खा ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरून एका फ्रिक्वेन्सीवर येणारा सगळा गठ्ठा, आणि त्यावर डझनभर किंवा त्याहून जास्त चॅनेल एकत्र येतात. फ्री डिशच्या एमपीईजी-२ ट्रान्सपाँडरचा सिम्बॉल रेट (सेकंदाला किती हजार चिन्हे येतात) २९५००. एफईसी ३/४ (चार बिटांत तीन कामाचे, एक चुका दुरुस्त करायला) धरला तर सेकंदाला साधारण ४० मेगाबिट. हे सगळेच्या सगळे डिस्कवर उतरवले तरी तासाला १८ जीबीच्या आसपास, म्हणजे जुन्या हार्डडिस्कलाही जड नाही. टीव्हीहेडएंड किंवा डीव्हीबीव्ह्यूअर ही सॉफ्टवेअरे एकाच ट्यूनरवरून त्या ट्रान्सपाँडरचे दोन-चार चॅनेल एकाच वेळी बिनतक्रार रेकॉर्ड करतात. म्हणून चॅनेल यादी उघडा आणि भांडणातल्या दोन चॅनेलपुढची फ्रिक्वेन्सी बघा. एकच असेल तर पैसे वाचले. मेख एवढीच की फ्री डिशवरच्या जागा लिलावाने जातात आणि चॅनेल इकडून तिकडे सरकतात. आज एका ट्रान्सपाँडरवर असलेली जोडी पुढच्या वर्षी फुटू शकते.

फ्रिक्वेन्सी वेगळ्या निघाल्या तर चार वाटा आहेत.

पहिली वाट, आहे त्या कार्डाशेजारी आणखी एक एकेरी कार्ड. स्वस्त वाटते, पण आधी कॅबिनेट उघडून बघा. जुने कार्ड स्कायस्टार २ सारखे साध्या पीसीआयचे असेल तर ते फक्त डीव्हीबी-एस ही उपग्रह प्रक्षेपणाची जुनी पद्धत जाणते, नवी एस२ त्याच्या आवाक्यात नाही, आणि नव्या मदरबोर्डांवर तो स्लॉटही उरलेला नाही. त्याला जोडीदार शोधण्यात अर्थ नाही. पहिले कार्ड पीसीआय एक्सप्रेसचे आणि एस२ असेल, तर दुसरे त्याच जातीचे घ्यावे. दोन कंपन्यांचे दोन ड्रायव्हर एकाच मशीनवर नांदवणे म्हणजे दोन सवती एका घरात.

दुसरी वाट, जुने काढून एकच दुहेरी कार्ड. माझा कल इकडे आहे. टीबीएस ६९०२ आणि डीव्हीबीस्काय एस९५२ ही यातली दोन ओळखीची नावे. दोन्ही पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या स्लॉटात बसतात, दोन्हींवर दोन एस२ ट्यूनर. विंडोजवर डावे-उजवे करण्यासारखे फार नाही. लिनक्सवर आहे. डीव्हीबीस्कायचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, फक्त फर्मवेअरची (कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरची) फाइल जागेवर ठेवावी लागते. टीबीएसचा ड्रायव्हर बाहेरून आणून कंपाइल करावा लागतो आणि कर्नल अपडेट झाला की पुन्हा तेच. ज्याला हे करायला आवडते त्याने टीबीएस घ्यावे, ते बाजारात सापडतेही सहज. पण मशीन गावी आणि तुम्ही पुण्यात असाल, तर अपडेटनंतर टीव्ही गेला म्हणून येणारा फोन तुम्हालाच घ्यायचा आहे. काही दुहेरी कार्डांना एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून) वेगळी वायर द्यावी लागते, तीही आहे का बघून ठेवा.

तिसरी वाट, यूएसबी बॉक्स. लॅपटॉपवाल्यांना हाच मार्ग. वेगाची चिंता नको. ४० मेगाबिटला यूएसबी २ सुद्धा पुरून उरते. दुखणे निघते अडॅप्टरचे. एलएनबीला (छत्रीसमोरच्या दांड्यावर बसलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट द्यायचे म्हणून या बॉक्सना स्वतःचा अडॅप्टर असतो आणि तो सहसा भिंतीतल्या पॉइंटला लावलेला असतो. लाइट जाते, कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो, बॉक्स मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि रेकॉर्डिंगची फाइल तिथेच तुटते. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते हे सांगायला नको. अडॅप्टरही यूपीएसवरच लावा.

चौथी वाट, सॅट-आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा ट्यूनर. केबल कॉम्प्युटरपर्यंत येतच नाही. माळ्यावर किंवा पडवीत बसवलेला डबा घरभर नेटवर्कवरून चॅनेल वाटतो. चौघांत महाग हीच, आणि नुसत्या सोयीसाठी मी कोणाला सुचवली नसती. पण वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा डोळ्यांसमोर आणा. छपरावरची धातूची छत्री, तिथून केबलची जाळी, तिथून कार्डाची पट्टी आणि थेट मदरबोर्ड, असा अखंड धातूचा रस्ता तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत येतो. वीज छत्रीवरच पडायला हवी असे नाही, जवळपास पडली तरी धक्का त्या रस्त्याने येतो. सॅट-आयपीत नुकसान झाले तर त्या डब्याचे. अर्थात डब्यापासून पुढे तांब्याची लॅन केबल ओढलीत तर रस्ता पुन्हा जोडला गेला. तेवढा टप्पा वाय-फायने करावा. घर टेकाडावर एकटे असेल, अर्थिंगचा भरवसा नसेल, तर जास्तीचे पैसे इथेच घालावेत. वाडीत दाटीने घरे असतील आणि गडगडू लागले की केबल काढून ठेवणारे कोणी घरात असेल, तर दुहेरी कार्ड पुरे.

यातले काहीही घेतले तरी दुसऱ्या ट्यूनरला दुसरी केबल लागते, आणि दुसऱ्या केबलला एलएनबीचे दुसरे तोंड. एलएनबी व्होल्टेज बघून ठरवतो: १३ ला उभे ध्रुवीकरण (उभ्या दिशेच्या लहरी), १८ ला आडवे. एकाच केबलवर दोन ट्यूनर लावले आणि एकाने १३ मागितले, दुसऱ्याने १८, तर एकाचे चित्र जाणारच. चॅनेल यादीत तुम्हाला हव्या असलेल्या सगळ्यांपुढे एकच ध्रुवीकरण दिसत असेल तर स्प्लिटरवर भागते. नसेल तर ट्विन, म्हणजे दोन तोंडांचा एलएनबी लावा. कार्डाच्या मानाने तो अगदीच किरकोळ खर्च आहे. पहिले एकेरी कार्ड तसेच ठेवून वर दुहेरी घेणाऱ्यांनीही हे मोजावे. ट्यूनर तीन होतील, एलएनबीला तोंडे दोनच.

पावसात चित्र फुटते म्हणून दुसरे कार्ड घेणाऱ्याने मात्र थांबावे. केयू बँडचा (फ्री डिश ज्या फ्रिक्वेन्सींवर येते त्यांचा) सिग्नल जोराच्या सरीत पडतो तो छत्रीपाशीच, आणि दोन्ही ट्यूनर एकदमच आंधळे होतात. त्यावर उपाय ६० सेंटीमीटरच्या जागी ९० ची छत्री. मोठी छत्री वाराही जास्त खाते, हे निसर्ग आणि तौक्ते वादळे पाहिलेल्यांना सांगायला नको, तेव्हा खांब भक्कम हवा. रत्नागिरीहून उपग्रह आग्नेयेला आणि जवळजवळ ६० अंश वर आहे, त्यामुळे अगदी लगतचा माड सोडला तर झाडे सहसा आड येत नाहीत.

पाऊस नसतानाही चित्र अडखळत असेल तर कार्डाला दोष देण्याआधी एलएनबीचा एफ कनेक्टर उघडून पाहा. खाऱ्या हवेत वर्ष-दीड वर्षात तांब्याच्या तारेवर हिरवट पूड धरते, जाळी काळी पडते, आणि पाणी जाळीतूनच पाझरत पार कार्डापर्यंत उतरते. दोन-चार इंच केबल कापून नवा कनेक्टर लावायचा, वर रबरी टेप घट्ट गुंडाळायची आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच टपकते. नव्या ट्यूनरसाठी ओढलेल्या दुसऱ्या केबललाही हेच सारे करावे लागेल.

म्हणून आधी ट्विन एलएनबी आणि चांगली आरजी-६ केबल घ्या, आणि छपरावरचे काम मे महिन्यात उरकून टाका. मिरग लागल्यावर शेवाळलेल्या कौलांवर चढायला डिशवालाही तयार होत नाही. कार्ड काय, भर पावसातही कुरिअरने येते.