स्वस्त आयात माल की देशात बनलेला माल? खरेदी ठरवण्याआधी दोन्ही बाजू

आधी स्वस्त आयात मालाची बाजू मांडतो, कारण देशप्रेमाच्या भाषणांत ती हमखास दाबली जाते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाच्या खर्चात कपडे, चपला, घरगुती वस्तू यांचा वाटा मोठा असतो. त्या स्वस्त झाल्या की खरा दिलासा त्याच घरांना मिळतो. वाचलेला पैसा शाळेची फी, डॉक्टर, घरदुरुस्ती यांकडे वळतो आणि बराचसा देशातच फिरतो. शिवाय दिलेली सगळी किंमत परदेशात जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, ‘मेड इन चायना’ वस्तूवर अमेरिकी ग्राहकाने खर्चलेल्या दर डॉलरमधले सुमारे ५५ सेंट अमेरिकेतल्याच वाहतूक, दुकानभाडे, विक्री, जाहिरात अशा सेवांना मिळत होते.

आयात वाढली की जीडीपी, म्हणजे देशातले एकूण उत्पादन, आपोआप घटतो, हाही गैरसमज आहे. हिशोबात आयात वजा करतात ती केवळ ग्राहकांच्या खर्चात ती आधीच मोजलेली असते म्हणून.

दुसरी बाजू मात्र अशा हिशोबात नीट दिसत नाही. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला. २००० साली अमेरिकेच्या कारखान्यांत सुमारे पावणेदोन कोटी नोकऱ्या होत्या. २०१० पर्यंत त्या सव्वा कोटीच्याही खाली गेल्या. यंत्रे आली, मंदी आली, त्यामुळे सगळा दोष आयातीचा नाही. पण ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी जिल्ह्या-जिल्ह्यांचे आकडे तपासले, तेव्हा चिनी मालाशी थेट स्पर्धा करणाऱ्या भागांत बेरोजगारी वाढलेली आणि सरकारी मदतीवरचे अवलंबित्व वाढलेले आढळले. पाठ्यपुस्तकाप्रमाणे कामगारांनी दुसरीकडे जाऊन दुसरे काम धरायला हवे होते. बहुतेक जण हलले नाहीत. घर विकायचे तर गिऱ्हाईक नाही, आणि पन्नाशीत नवे कसब शिकवणार कोण? फायदा कोट्यवधी लोकांत थोडा थोडा वाटला जातो आणि नुकसान काही गावांवर एकदम कोसळते. सरासरी काढली की ती गावे दिसेनाशी होतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

कारखान्याबरोबर साचे बनवणारे, सुटे भाग पुरवणारे आणि हाताखाली शिकणारी मुलेही जातात. मागणी परत आली तरी हे कसब लगेच उभे राहत नाही.

मग आयात शुल्क लावून प्रश्न सुटतो का? अमेरिकेने २०१८ च्या सुरुवातीला आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावले. त्यांच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या, आणि शुल्क नसलेले कपडे वाळवायचे ड्रायरही महागले, कारण दोन्ही जोडीने विकले जातात. अभ्यासकांच्या अंदाजाने सुमारे १,८०० नोकऱ्या निर्माण झाल्या, पण त्यातली प्रत्येक नोकरी ग्राहकांना वर्षाला आठ लाख डॉलरहून महाग पडली. सरसकट शुल्क हे माझ्या मते वाईट औषध आहे.

म्हणून निर्णय वस्तूगणिक घ्यावा. ‘देशी’ लेबलाखाली सगळे सुटे भाग आयात केलेले असू शकतात. उलट आयात केलेले यंत्र देशातल्या छोट्या कारखान्याला काम देते. तेव्हा लेबलाऐवजी वस्तूचा किती भाग इथे घडतो ते विचारा. किमतीतला फरक थोडा असेल, सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ मिळत असेल, तर देशी माल घ्या. टिकाऊपणा धरला तर तो अनेकदा स्वस्तच पडतो. फरक मोठा असेल आणि खिसा रिकामा असेल, तर आयात माल घेताना अपराधी वाटून घेऊ नका. देशाच्या उद्योगधोरणाचे ओझे गरीब ग्राहकाने वाहावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

औषधांचा कच्चा माल आणि वैद्यकीय साहित्य यांचा हिशोब वेगळा. २०२० मध्ये मास्क आणि औषधांच्या निर्यातीवर अनेक देशांनी बंधने घातली, तेव्हा पैसे मोजूनही माल मिळेना. इथे थोडी महाग देशी क्षमता जिवंत ठेवायलाच हवी, आणि तो खर्च सरकारने उचलावा.

परदेशातून थेट घरी येणाऱ्या छोट्या पार्सलबाबत मात्र मी ठामपणे देशी विक्रेत्याच्या बाजूने आहे. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर आयात शुल्कच नव्हते; चिनी पार्सलची ही सवलत मे २०२५ मध्ये काढली गेली. तोच माल घाऊक मागवून, शुल्क भरून विकणारा दुकानदार या स्पर्धेत सवलतीच्या नियमामुळे मागे पडत होता.