गोचिडांवर पैसे कुठे घालावेत: फवारा, पाठीवरचं औषध, इंजेक्शन की लस?

सिन्नर-निफाडकडे चार एचएफ (होल्स्टीन) गाया बांधल्या की उन्हाळ्याच्या तोंडाशी हा प्रश्न येतोच. दुकानदार बाटली पुढे करतो, शेजारी म्हणतो इंजेक्शन मारून टाक, डॉक्टर लसीचं काढतात. माझं मत आधीच सांगतो: गाय संकरित आणि गोठा दगडमातीचा असेल तर पहिला पैसा लसीला अन् भिंतीला, मग बाटलीला.

कारण गोचीड मुख्यतः दोन जातीचे. पायांवर फिकट पट्टे असलेला हायलोमा रक्त पिऊन खाली उतरतो आणि भिंतीच्या भेगांत कात टाकतो. थायलेरिया हा रक्तातल्या जंतूचा रोग तो पसरवतो: 105-106 ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, दूध एकदम खाली. दुसरा, रिपिसेफॅलस, पिल्लापासून मोठा होईपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच गाईवर राहतो. त्याच्यातून बॅबेसिया हा दुसरा रोग येतो, लघवी कॉफीसारखी होते. तिसरा रोग अ‍ॅनाप्लाझ्मा गोचिडांबरोबर चावऱ्या माश्यांनी आणि एकच सुई सगळ्यांना टोचल्यानंही पसरतो, म्हणून सुई दर जनावराला बदला.

डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझचा फवारा सगळ्यात स्वस्त. गाईवरच मुक्काम करणाऱ्या गोचिडाला तो बरा, पण भेगेतला त्यातून सुटतो. शिवाय आपण पाठ भिजवतो आणि गोचीड बसलेला असतो कानात, शेपटीखाली, कासेमागे. औषध पातळ करून वर्षानुवर्षं मारल्यानं डेल्टामेथ्रिनला बऱ्याच ठिकाणचे गोचीड आता दाद देत नाहीत.

फ्लुमेथ्रिन पाठीच्या कण्यावर ओतायचं, 10 किलो वजनाला 1 मिली. म्हणजे 400 किलोच्या गाईला 40 मिली. काम दोन मिनिटांचं, पण महाग. आणि ते डेल्टामेथ्रिनच्याच कुळातलं, त्यामुळे तो फवारा चालेनासा झाला म्हणून हे घेत असाल तर थांबा, अमिट्राझकडे वळा.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला नकोच, औषध दुधात उतरतं. कालवडी-भाकडांपुरतं ठीक.

लस फक्त थायलेरियाची. बाकी दोन रोगांना ती अडवत नाही. जिवंत लस असल्यानं द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवावी लागते, म्हणून गावात चार-पाच जणांनी मिळून डॉक्टरांकडे नाव नोंदवलेलं बरं. भरत आलेल्या गाभण गाईला आधी विचारल्याशिवाय टोचू नका. तरी एका आजारी गाईच्या बुपारव्हाकोन या थायलेरियावरच्या औषधाचा आणि बुडालेल्या दुधाचा हिशेब मांडला की ती स्वस्तच पडते.

इगतपुरी-त्र्यंबककडे देशी डांगी गाई चारणाऱ्यांनी एवढं करायची गरज नाही. ती गाय थायलेरियाला सहसा बधत नाही. फवारा आणि हाताची वेचणी पुरते. वेचलेला, एरंडीच्या बीसारखा टम्म गोचीड मात्र पायाखाली चिरडू नका. ती मादी असते, पोटात हजारो अंडी. रॉकेलच्या डब्यात टाका.

भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा, वर चुना मारा. फवारा मारायच्या दिवशी पंपातलं तेच पाणी गव्हाणीमागच्या कोपऱ्यातही जाऊ द्या, फक्त गव्हाण झाकून.